परीक्षकाने पास केलेलं नाक

४ फेब्रुवारी

चष्मेवाला सुटला म्हणायचा. बरेच दिवस मी त्या बिचाऱ्याला धारेवर धरलं होतं, की तुझ्या फ्रेमने माझं नाक सोललं. त्याने फ्रेम बदलून दिली, नाकावर टेकणाऱ्या त्या मऊ गाद्या बदलून दिल्या, शेवटी मला बघून दुकानाच्या मागच्या खोलीत जायला लागला. ठिपका मात्र तिथेच. नाकपुडीच्या वर, डोळ्याच्या कोपऱ्याकडे, चकचकीत. खपली धरते, तोंड पुसताना निघते, टॉवेलला रक्त लागतं, पुन्हा खपली. आयुष्यभर मी नाकावर माशी बसू दिली नाही आणि हा गडी ठाण मांडून बसलाय.

आज सुनेने मला जवळजवळ ओढतच त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं. ड्रायव्हिंग स्कूलचे दुपारचे वर्ग मला न विचारता तिने परस्पर पुढे ढकलले. शाळा मी काढली, पाटीवर नाव माझं, आणि वर्ग कधी घ्यायचे हे ही ठरवणार. हिच्या मनात काय चाललंय ते मला कळतं. म्हातारी एकदाची बाजूला झाली की चाव्या हिच्याकडे.

डॉक्टर तरुण निघाली. तोंडाला मास्क, डोक्याला हिरवी टोपी, मध्ये नुसते डोळे. बाहेर बसलेल्या मुलीने मला ‘आजी’ म्हटलं होतं, तेव्हा आत गेल्यावर हीही तेच म्हणणार असं धरून मी उत्तर तयार ठेवलं होतं. पण ती म्हणाली, “बसा, बाई.” माझे विद्यार्थी म्हणतात तसं. सुनेने आधीच सांगून ठेवलेलं दिसतं.

भिंग लावून बघितलं. बोटाने दाबून बघितलं. माझा चेहरा उजेडाकडे वळवला आणि विचारलं, “तुमच्या बाजूच्या खिडकीतून अजून तसंच ऊन येतं का हो?”

“अजून म्हणजे?” मी म्हटलं.

“म्हणजे, येतं का,” ती म्हणाली आणि सुनेकडे बघायला लागली.

येतं. शिकवणारा ज्या बाजूला बसतो त्याच बाजूने येतं, आणि मी काच खाली घेऊनच बसते. इशारा कसा द्यायचा ते शिकणाऱ्याला कोपरापर्यंत हात बाहेर काढून दाखवावं लागतं. सुनेने मध्ये तिथे काळा पडदा लावला होता, तो मी त्याच दिवशी काढून डिकीत टाकला.

ठिपक्याचा वरचा पातळसा तुकडा खरवडून तपासायला पाठवलाय. नाक दुखतंय, पण ते कुणाला सांगितलेलं नाही.

६ फेब्रुवारी

सध्या माझ्याकडे एक निवृत्त न्यायाधीश शिकायला येतात. जन्मभर लोकांना सरळ केलं, पण गाडी काही सरळ मागे जात नाही. आज म्हणाले, “बाई, परीक्षेत रिव्हर्स घालायला लावत नाहीत म्हणे. मग कशाला जीव काढता?”

मग मी त्यांना गचकाची गोष्ट सांगितली. मी सगळ्यांनाच सांगते.

फार जुनी गोष्ट आहे. कॉलेजात नुकती गेलेली हडकुळी पोरगी. क्लच सोडताना गाडीला असे गचके द्यायची की आम्ही तिचं नावच गचका ठेवलं. परीक्षेच्या दिवशी परीक्षक घाईत होते. कोपऱ्यापर्यंत सरळ जा, परत ये, पास. ती कागद नाचवत माझ्याकडे आली. मी म्हटलं, “परीक्षकांचं समाधान झालं. माझं नाही झालं. उद्या सकाळी ये.” रडली, चिडली, पाय आपटत गेली. सकाळी मात्र हजर. खांब आणि भिंत यांच्यामधल्या जागेत गाडी उलटी आणि सरळ लावीपर्यंत मी तिला सोडलं नाही. त्यानंतर माझ्या शाळेतून कुणीही नुसतं परीक्षकाचं समाधान करून बाहेर पडलेलं नाही.

न्यायाधीश म्हणाले, “तुमच्या निकालावर अपील नाही वाटतं?”

“नाही,” मी म्हटलं. “आणि आता पुढच्या वळणाआधी काय करायचं?”

“आधी आरसा, मग मान, मग हात,” ते शहाण्या मुलासारखे म्हणाले. आरशात बघायचं, आरसा एक कोपरा खातो म्हणून मान वळवून बघायचं, आणि मगच स्टिअरिंग फिरवायचं. हे शब्द माझे आहेत. दुसऱ्या शाळांत काय शिकवतात ते शिकवोत, हे कुठेही ऐकायला मिळणार नाही.

ती पोरगी पुढे शिकायला बाहेर गेली असं ऐकलं होतं. गाडी चालवते की विसरली, कोण जाणे.

११ फेब्रुवारी

कॅन्सर आहे.

लिहून टाकलं. बघू आता कसं दिसतं कागदावर. वाईटच दिसतं.

डॉक्टर बोलत होती, पण तो शब्द आल्यावर माझ्या कानांवर नुसता आवाज येत राहिला. सुनेने टेबलाखाली माझा हात धरला. मी सोडवून घेतला, मग पुन्हा धरू दिला. हळूहळू कानात शिरलं ते असं: याचं नाव बेसल सेल. हळू वाढतो, शरीरात दुसरीकडे सहसा जात नाही, पण जिथे आहे तिथे पोखरत राहतो. त्याचे प्रकार आहेत. एक नुसता कातडीच्या वरच्या थरात पसरतो. एक गाठ धरतो. आणि एक खालून बारीक मुळं सोडतो, ती डोळ्याला दिसत नाहीत. कुठल्या प्रकाराचा आहे आणि कुठे आहे, त्यावर काढल्यानंतर परत उगवायची भीती किती ते ठरतं.

माझ्या रिपोर्टात लिहिलंय, वरवरचा.

मला हायसं वाटलं आणि रागही आला. आयुष्यात एक काम वरवर केलं नाही, आणि रोग मिळाला तो वरवरचा. पण चला, सुटले. दादाला, म्हणजे खालच्या मजल्यावर राहणाऱ्या माझ्या थोरल्या भावाला, पाठीवर हाच झाला होता, हाच वरवरचा. मलम लावलं, गेला. तेव्हापासून कुणालाही काहीही झालं की दादा मलम सुचवतो.

“तर मग मलम द्या,” मी म्हटलं.

डॉक्टर पुढे वाकली. पुन्हा बोट ठेवलं, नाकाच्या त्याच कडेला. “बाई, मी घेतलेला तुकडाच वरवरचा होता. इथे बोटाला कडक लागतंय, जुन्या व्रणासारखं. खालपर्यंतचा एक तुकडा घेऊ या.”

“म्हणजे रिपोर्ट चुकला?”

“नाही. त्यांना जेवढं दाखवलं तेवढं त्यांनी बरोबर सांगितलं. पण माझं समाधान झालेलं नाही.”

असा संताप आला! तुझ्या समाधानासाठी मी माझं नाक पुन्हा कापून घेऊ? रिपोर्टवर मोठ्या डॉक्टरची सही आहे, शिक्का आहे. कालची पोर, आणि म्हणे समाधान नाही! मी पर्स उचलली आणि उठले. दारापर्यंत आले तर ही मागून म्हणते, “येईपर्यंत मी वाट बघते.” उद्धटपणा तरी किती.

१२ फेब्रुवारी

दादाच्या कपाटात अर्धी नळी शिल्लक होती. मी मागायच्या आत तो घेऊन वर आला. सुनेने त्याच्या हातातून ती घेतली आणि तारीख उलटून गेलीय म्हणून कचऱ्यात टाकली. दादाचं तोंड एवढंसं झालं.

मी सुनेशी बोलत नाही.

१६ फेब्रुवारी

आज उजव्या पायाची पोटरी अजून दुखतेय, ब्रेक इतका दाबला.

न्यायाधीशांना मोठ्या रस्त्यावर घेऊन गेले होते. लेन बदलायची होती. त्यांनी आरशात बघितलं, छान बघितलं, इशारा दिला आणि हात फिरवला. मान वळवायची राहिली. मी वळवली. आमच्या अगदी खांद्याजवळ एक स्कूटर होती, मागे एक बाई, तिच्या मांडीवर मूल. माझ्या पायाखालचा ब्रेक मी मुळापासून दाबला. गाडी जागच्या जागी थांबली, स्कूटर निघून गेली. त्या बाईने मागे वळूनसुद्धा बघितलं नाही.

गाडी कडेला घेतली. मी ओरडायला तोंड उघडलं होतं. न्यायाधीश पांढरेफटक पडले होते. म्हणाले, “पण बाई, आरशात काहीच नव्हतं हो. मी बघितलं ना. आरशात खरंच काही नव्हतं.”

आरशात काही नव्हतं हे खरंच होतं.

घरी आल्यावर मी सुनेला म्हटलं, “त्या तुझ्या उद्धट डॉक्टरला फोन कर. म्हणावं, काय घ्यायचं ते घे.” मी काही घाबरले म्हणून नाही. कटकट एकदाची मिटावी म्हणून. सून आत गेली आणि नळ सोडून बराच वेळ भांडी घासत राहिली. भांडी सकाळीच घासून झाली होती.

२४ फेब्रुवारी

खालपर्यंतच्या तुकड्याचा रिपोर्ट आला. वर वरवरचा, खाली मुळं सोडणारा. दोन्ही एकाच जागी. त्या कडेला बोटाला लागत होतं ते तेच.

तिने कागदावर काढून दाखवलं. वर एक पातळ पट्टी, आणि तिच्याखाली बारीक बारीक फाटे, इकडे तिकडे शिरलेले. मलम लावलं असतं तर वरची पट्टी गेली असती, नाक स्वच्छ दिसलं असतं, आणि खालून हे डोळ्याकडे चालत राहिलं असतं. आणि परत आलेला हा काढणं पहिल्यापेक्षा जड. व्रणात तो कुठे लपलाय तेच कळत नाही.

म्हणजे मी समाधानाने आरशात बघत बसले असते.

तिने ‘बघा, मी म्हटलं होतं’ असं एकदाही म्हटलं नाही. मी असते तर निदान दोनदा म्हटलं असतं.

आता ऑपरेशन. भूल फक्त नाकापुरती, मी जागी असणार. एक थर काढायचा, त्याच्या सगळ्या कडा रंग लावून सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या, मूळ जिथे उरलं असेल तेवढ्याच जागेवरून पुढचा थर. कडा साफ निघेपर्यंत. “अशाने चांगलं नाक वाया जात नाही,” ती म्हणाली, “आणि परत यायची भीती सगळ्यात कमी. शून्य नाही म्हणणार मी. शून्य कुणीच म्हणू नये.”

“नाक राहील का माझं?”

“राहील. वरून एक चकती जाईल. तिथे कानामागची कातडी लावू.”

जन्मभर लोकांचं बोलणं कानामागे टाकत आले, आता कानामागचं नाकावर येणार. मी हा विनोद केला तेव्हा डॉक्टरच्या मास्कच्या वरचे डोळे असे काही हसले की मला वाटलं, हे डोळे मी कुठेतरी बघितलेत. पण मास्क लावला की सगळ्यांचे डोळे तसेच दिसतात.

बाहेर पडताना दवाखान्याच्या आवारात एक छोटी गाडी बघितली. खांब आणि भिंत यांच्यामध्ये, उलटी लावलेली, दोन्ही बाजूंना सारखं अंतर, चाकं सरळ. मी थांबून बघत राहिले. “कुणीतरी नीट शिकवलंय याला,” मी सुनेला म्हटलं. ती म्हणाली, “हो ना, आई,” आणि दुसरीकडे बघायला लागली. हिला चांगल्या ड्रायव्हिंगची कदरच नाही.

दादाला सांगितलं. तो मलमाबद्दल काही बोलला नाही. नुसता सोफ्यावर माझ्या शेजारी बसून राहिला आणि टीव्हीवर जे काही चालू होतं ते आम्ही दोघांनी बघितलं.

४ मार्च

उद्या. भीती वाटते. नाक गेलं तर लोक काय म्हणतील याची नाही. म्हणजे त्याचीही आहेच. पण खरी भीती ही, की पुढचा थर, त्याच्या पुढचा थर, आणि तो डोळ्यापर्यंत पोचलेला निघाला तर? एका डोळ्याने मला कोण गाडी शिकवू देईल? मीच देणार नाही.

५ मार्च

पट्टीवर चष्मा टेकत नाही, अक्षर वाकडं येतंय, पण आजचं आजच लिहिणार.

चेहऱ्यावर निळं कापड, नाकापुरतं भोक. मला काही दिसत नव्हतं, फक्त आवाज. पहिला थर काढला, पट्टी लावून मला बाहेर बसवलं. सून होती. तिने माझ्यासाठी मऊ बिस्किटं आणली होती, चावताना नाक हलू नये म्हणून. डॉक्टर परत आली: डोळ्याकडच्या बाजूला उरलंय. पुन्हा आत. दुसरा थर. पुन्हा बाहेर. पुन्हा तीच बाजू, अगदी थोडं.

आता मला रडू येत होतं. डोळ्याकडे, डोळ्याकडे. पण पट्टी ओली करायची नाही असं सांगितलं होतं.

तिसऱ्यांदा आडवी झाले. कापड आलं. डॉक्टरने सुरी हातात घेतली असावी, कारण तिचा श्वास थांबल्यासारखा झाला, आणि मग ती अगदी हळू, स्वतःशीच पुटपुटली:

“आधी आरसा. मग मान.”

थोडं थांबली.

“मग हात.”

हे शब्द माझे आहेत. जगात दुसरं कुणी हे म्हणत नाही. ते ‘अजून’, ते ‘बाई’, ती उलटी लावलेली गाडी, ते ‘समाधान’, सगळं एकदम माझ्यासमोर येऊन उभं राहिलं. मी कापडाखालून म्हटलं, “गचका?”

सुरी थांबली. नर्स म्हणाली, “पेशंट काय म्हणतायत?”

“मला हाक मारतायत,” डॉक्टर म्हणाली. तिचा आवाज जरा ओला होता. “बोलू नका बाई, नाक हलतंय.”

“पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंस?”

“सांगितलं असतं तर तुम्ही मला शिकवायला लागला असता.”

नर्स हसली. मीही हसले असते, पण हलायची बंदी होती. खरं आहे. हा चिमटा असा धर, तो दिवा तसा वळव, मी एक क्षण तिला गप्प काम करू दिलं नसतं. आणि गचकाने सांगितलंय म्हटल्यावर तर मी अजिबात ऐकलं नसतं.

मी गप्प राहिले. उभ्या जन्मात विद्यार्थी चालवत असताना मी कधी गप्प राहिलेली नाही. आज राहिले. तिच्या हाताला एक गचका बसला नाही. बोटं माझ्या गालावर टेकलेली होती, म्हणून मला कळत होतं. क्लच सोडावा तशी हळू, एकसारखी सुरी फिरत होती.

मग पुन्हा बाहेर बसणं. ते बसणं फार लांबलं. सुनेने विचारलं, “ओळखलंत?” हिला पहिल्यापासून ठाऊक होतं! हिनेच शोधून काढलं होतं तिला, हिनेच सांगून ठेवलं होतं की नाव घेऊ नका, सासूबाई बिथरतील. मी चांगली झापणार होते. तेवढ्यात दार उघडलं आणि डॉक्टर आली, मास्क खाली ओढलेला. तीच हडकुळी पोरगी, कानाजवळ दोन पांढरे केस.

“सगळ्या कडा साफ,” ती म्हणाली. “डोळा लांब राहिला. आता कानामागची कातडी लावू.”

मी तिला जवळ घेतलं. पट्टी तिच्या खांद्याला लागली, ती ओरडली, “बाई, नाक!” मी सोडलं नाही.

२० मार्च

टाके निघाले. नाकावर रुपयाएवढी फिकट गोल चकती आहे, भोवती लाल रेघ. बाजूने बघितलं तर किंचित खोलगट.

“मग? पास?” मी विचारलं.

“परीक्षक म्हणतायत पास,” गचका म्हणाली. “मी सहा महिन्यांनी परत बघणार. मग पुन्हा. ज्याला एकदा झाला त्याला दुसरीकडेही होऊ शकतो. आणि खिडकीवर पडदा.”

ही अट मी आजवर दुसऱ्यांना घालत आलेय. तेव्हा मुकाट्याने हो म्हटलं.

घरी डिकी उघडून तो काळा पडदा काढला आणि स्वतःच्या हाताने लावला. सून बघत होती. मी म्हटलं, “दुपारचे वर्ग तू घेत जा. दुपारचं ऊन फार असतं.” ती म्हणाली, “आई, मी महिनाभर तेच म्हणतेय.” म्हणत असेल. मला ते चाव्यांबद्दल वाटलं होतं.

दादा वर आला, भिंगातून नाक बघितलं. म्हणाला, थोडी पावडर लावलीस तर कुणाला कळणारही नाही. मी त्याला चहा पाजून खाली पाठवला.

२१ मार्च

सकाळी न्यायाधीश आले. ते परवा परीक्षा पास झालेत. मी तरीही बोलावलंय, तक्रार न करता आले. गाडीत बसले, पट्टा लावला, आरसा नीट केला, मग थोडे संकोचून म्हणाले, “बाई, नाकाला काय झालं हो?”

पावडर लावलेली नव्हती. मी चष्मा काढला, चेहरा उजेडाकडे वळवला आणि त्यांना नीट, सगळ्या बाजूंनी बघू दिलं.

“माझ्या विद्यार्थिनीचं काम आहे,” मी म्हटलं. “गाडीला फार गचके द्यायची. आता हात बघा तिचा.”